बिझी झालेला मोहल्ला

प्रगत माणसाला वेळ नसतो, हे आता जगानं मान्य केलं आहे. आमचा उझबेकिस्तानातल्या मर्गिलानचा मोहल्ला या बाबतीत फारच मागे होता. कुणीही हाक मारावी आणि माणसानं हातातलं टाकून निघावं, अशी दैना. नकाराला आमच्याकडे शब्दच नव्हता. (होता, पण तो वापरलेला माणूस कुणाच्या ऐकिवात नाही.) ही उणीव हेरून मोहल्ला समितीनं इंग्रजीचा वर्ग काढला, आणि वर्गाच्या बाई माहलिका ओपांनी (ओपा म्हणजे ताई) पहिलंच विशेषण शिकवलं: 'बिझी'. ज्याच्यामागे कामाचा रगाडा आहे, असा.

रिकामटेकडेपणात ज्यांचा हात धरणारा कोणी नाही, त्या तुर्गुन अकांनी शंका काढली, की रगाडा असेल तर माणूस काम उपसेल, सांगत कशाला बसेल? असल्या शंकांमुळेच आपण मागे राहिलो, असं ओपा म्हणाल्या. ते सर्वांना पटलं.

प्रात्यक्षिकाची संधी लगेच आली. होसियत खालांचं धाबं गळत होतं आणि बर्फ तोंडावर आला होता. एकटी विधवा बाई. तिनं रिवाजाप्रमाणे हशर बोलावला; म्हणजे मोहल्ल्यानं फावडी घेऊन यायचं, छत माती-भुशानं लिंपायचं, आणि तिनं सगळ्यांना पुलाव घालायचा.

मोहल्ला झाडून बिझी निघाला. पण असली गोष्ट फोनवर कळवणं म्हणजे उद्धटपणा, म्हणून प्रत्येक जण जातीनं सांगायला गेला. रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून नान घेऊन गेला. चहा न घेता कसं उठायचं, म्हणून बसला. दुपारपर्यंत अंगणात पाय ठेवायला जागा उरली नाही. उपस्थिती नेहमीच्या हशरच्या दुप्पट, फावडी शून्य (समितीची अधिकृत आकडेवारी). त्यात कढईचा वास सुटला. आता उठणं म्हणजे अन्नाचा अपमान.

वाढता वाढता खाला तुर्गुन अकांपाशी थांबल्या. "घ्या हो आणखी. बिझी राहून राहून तोंड किती उतरलंय तुमचं."

"तुम्ही ऐकायच्या थोड्याच," म्हणत अकांनी ताट पुढे केलं.

जेवून सगळे तृप्त मनानं घरी गेले. खालांनी डोक्याचा रुमाल आवळला आणि चिखलाची पाटी घेऊन स्वतःच शिडी चढल्या. त्यांचं वय पाहता मला वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. अर्धं छत अजून उघडं आहे आणि आभाळ भरून आलंय.

तुम्ही इथवर वाचलंत, म्हणजे हाताशी वेळ दिसतो. खालून पाटी भरून द्यायला एकच माणूस हवा आहे. येता?

असू दे, असू दे. आम्हाला त्यासाठी वर्ग काढावा लागला. तुम्ही घरच्या घरी शिकलात.