गिरिजाबाईंसाठी गार हवा

यशवर्धनरावांच्या गाडीचा एसी गार होता, पण हळू होता. झरोक्यापुढं हात धरला, तर कोणीतरी गरम चहावर फुंकर घालतंय असं वाटायचं. गाडी लाल, दोन दारांची, बसायला दोनच जागा. महूच्या एका फौजी अधिकाऱ्याकडून त्यांनी ती हौसेनं घेतली, तेव्हाच तिची तरुणाई ओसरली होती. पण पूर्वज होळकरांच्या घोडदळात होते, तेव्हा आपल्या दाराशी काहीतरी दौडणारं हवंच, असं यशवर्धनरावांचं मत होतं.

त्यांच्या पत्नीचं, गिरिजाबाईंचं, मत वेगळं होतं. पुढं एका उन्हाळ्यात मांडूपर्यंत जाऊन आल्यावर "ही गाडी नाही, भट्टी आहे," म्हणून त्या उतरल्या, त्या पुन्हा काही बसल्या नाहीत. दर रविवारी यशवर्धनराव बायपासला एकटेच फेरी मारून यायचे. शेजारची रिकामी सीट त्यांच्या मनाला फार लागायची, पण बोलून दाखवतील तर शपथ.

आता इंदुराजवळच्या राऊ गावच्या कॉलेजात ग्रंथपाल असलेल्या गिरिजाबाई शुक्रवारी निवृत्त होणार होत्या, तेही ऐन मे महिन्यात.

"तुला घ्यायला मी येणार," यशवर्धनरावांनी जाहीर केलं. "आपल्या गाडीनं."

"एसी नीट चालला तर बसेन. नाहीतर मी आपली ऑटोनं येऊन जाईन. नवी महेश्वरी नेसणार आहे, पसिन्यात भिजवायला नाही."

यशवर्धनरावांनी लगोलग संताजींना बोलावलं. संताजी हे जुने मित्र, बँकेतून निवृत्त झालेले. ज्या विषयातलं काहीच कळत नाही, त्यात त्यांचा आत्मविश्वास विशेष खुलायचा.

"गैस कम झाली असेल भिया. भरवून टाक, टेंशन खतम!"

गॅस भरला. बॉनेटखालच्या नळीला हात लावला तर बोटं आखडावीत, असा गारवा आला. झरोक्यातून मात्र तीच फुंकर.

"ठंडक तर जबरदस्त आहे," संताजी म्हणाले. "फक्त बाहेर यायला शरमतेय. पंखा कमजोर असेल. बदलून टाक."

इतक्या जुन्या गाडीचा पंखा इंदुरात मिळेना, म्हणून तो दिल्लीहून मागवला. सुरू केल्यावर तो असा गरजला, की शेजारचे लोक गच्चीवर येऊन विमान शोधू लागले. हवा तेवढीच.

शुक्रवार उजाडला. गिरिजाबाई सकाळीच महेश्वरी नेसून कॉलेजला गेल्या, आणि यशवर्धनराव संताजींना घेऊन गाडीकडं वळले.

"हवा आत जातेच कुठून, ते तरी बघू," ते म्हणाले. हवा पुढच्या काचेखालच्या जाळीतून आत जाते आणि डॅशबोर्डमधल्या कप्प्यामागच्या फिल्टरमधून पुढं सरकते, एवढं त्यांनी शोधून काढलं होतं. मग पाय दाराबाहेर आणि डोकं डॅशबोर्डखाली, अशा अवस्थेत त्यांनी कप्पा काढला. संताजींनी टॉर्च धरला. फिल्टर बाहेर आला आणि दोघंही बघत राहिले. त्यात काळवंडलेल्या अक्षता होत्या, झेंडूच्या पाकळ्या होत्या, दूर्वा होत्या, आणि या सगळ्यावर हळदीकुंकवाचा जाड लेप बसला होता.

"भिया, ही गाडी आहे की देवघर?"

यशवर्धनराव बुचकळ्यात पडले. खंडेनवमीला तलवारीबरोबर ते गाडीचीही पूजा करत, पण बॉनेटवर ठेवलेलं एकुलतं एक फूल चौकात पोचायच्या आत उडून जाई.

"टोटका आहे हा, करणी!" संताजींचा आवाज खाली गेला. "कोणीतरी जळतंय तुझ्यावर. गाडी बेचून टाक."

यशवर्धनरावांनी गाडी विकली नाही, फिल्टर झटकून बसवला. एसी लावताच असा झोत आला, की संताजींचे टाळूवर बेतानं पसरलेले केस ताठ उभे राहिले.

राऊला, कॉलेजात, गिरिजाबाईंनी आधी झरोक्यापुढं हात धरून पाहिला आणि मगच त्या बसल्या. यशवर्धनरावांना आभाळ ठेंगणं झालं. गाडी फाटकाबाहेर पडते तोच झोताबरोबर एक पिवळी अक्षत उडाली आणि थेट महेश्वरीवर पडली.

"ही कुठून आली?"

"फिल्टरमध्ये मूठभर होत्या. संताजी म्हणतो, कोणीतरी टोटका केलाय."

"टोटका!" गिरिजाबाई उसळल्या. "गाडी आली तेव्हापासून दर रविवारी तुम्ही आंघोळीला गेलात, की पूजेतलं फूल, दूर्वा आणि हळदीकुंकू लावलेल्या चार अक्षता मीच त्या जाळीत टाकते. वर ठेवलेलं उडून जातं ना. तुम्ही तिकडं बायपासला हवेत, आणि इकडं घरी येईपर्यंत माझा जीव टांगणीला."

"पण तुला तर ही गाडी आवडत नाही."

"गाडी नाही आवडत. चालवणारा आवडतो, त्याचं काय करू?"

इतकी वर्षं यशवर्धनराव उगाच मनातल्या मनात रुसले होते. डोळे पुसावेत तर बायकोला दिसेल, म्हणून त्यांनी एसी आणखी वाढवला.

"बंद करा तो," गिरिजाबाई म्हणाल्या.

"गार लागतंय?"

"नाही हो. समोर बसस्टॉपवर आमच्या लायब्ररीतल्या बायका उभ्या आहेत. काचा खाली करा. नाहीतर त्यांना दिसणार कसं, मी कशात बसलेय ते?"

एसी बंद झाला, काचा खाली गेल्या आणि मे महिन्याची गरम लू बिनधास्त आत शिरली. बैलगाडीच्या चालीनं गाडी बसस्टॉपवरून गेली. गिरिजाबाईंनी हात हलवला, मान वळवून मागं पाहिलं आणि नवऱ्याच्या बाहीला धरलं.

"अहो, फिरवा ना. त्यांतली रुची मोबाइलमध्ये होती, तिनं पाहिलंच नाही."