‘स्वेच्छेने’ या शब्दावरील स्वारीची हकीकत

वाचकसाहेबांचे हुजुरास विज्ञापना ऐशी जे, आपण पुसिले की एका दैनिकाचे सातवे पानी चार ओळींची चूकदुरुस्ती छापिली गेली, तिजसाठी एवढे रण कां माजले, कोण लढले आणि शेवट कैसा जाहला. त्यावरून जैसे घडले तैसे लिहितो. पदरचे कांही घातले नाही. गाळिले ते इतकेच की, वरल्या मजल्यावर जे अपशब्द उच्चारिले गेले ते.

त्या दैनिकाचे कचेरीत वेलांटीबाई म्हणोन मुद्रितशोधक होत्या. मूळ नाव निराळे, परंतु सव्वीस वर्षे ऱ्हस्वदीर्घाचा बंदोबस्त चोख राखिल्यामुळे हाच किताब चालत आला. जिन्याखाली त्यांचे मेज, मेजावर लाल शाईचे पेन, आणि पाठीमागे भिंतीवर थोरल्या मालकांचे फर्मान चौकटीत लाविलेले: मुद्रितशोधकाचे सहीवाचून कोणतेही पान छापावयास जाऊ नये. थोरले मालक वारले, धाकटे गादीवर आले आणि त्यांनी पंखे बदलिले, पडदे बदलिले, हळूहळू बातम्याही बदलिल्या, परंतु हे फर्मान काढावयाचे राहून गेले. एकदाच, बाई तापाने घरी असता, एक पान सहीवाचून गेले आणि सरकारी जाहिरातीत ‘माननीय मंत्री’ याचे जागी ‘मानवीय मंत्री’ ऐसे छापिले गेले. मंत्री मानवीय आहेत ऐसा बोभाटा होताच त्यांचे कचेरीतून खरमरीत खलिता आला, दोन महिने जाहिराती बंद पडल्या आणि दैनिकाची उपासमार झाली. तेव्हापासून बाईंचे सहीची दहशत मालकांपासून शिपायापर्यंत सर्वांस बसली.

ऐसे असता उद्योगमंत्री नगरात आले, राज्याची भरभराट जाहली हे लोकांस कळवावयास; कारण लोकांस ते आपले आपण कळले नव्हते. पहिले पान दरोबस्त त्यांचे तसबिरीस दिले, ती जाहिरात. दुसरे पान त्यांचे भाषणास दिले, ती बातमी. आणि दोहोंत अंतर काय, हे भल्याभल्यांस उमगेना. त्याच दुसरे पानाचे तळाशी बिस्किटांचे कारखान्याची बातमी होती. कारखान्याने तीनशे बारा बायका एके सकाळी दाराबाहेर उभ्या केल्या आणि दार लाविले. बातमीदाराने ‘काढून टाकले’ ऐसेच लिहिले होते. मग मजकूर वरल्या मजल्यावर मालक-संपादकांकडे गेला आणि खाली आला तो ‘महिला कामगारांनी स्वेच्छेने काम सोडले’ ऐसा होऊन आला. यातील मख्खी ऐशी की, जो आपखुशीने काम सोडितो त्यास राज्याचे दफ्तरी बेरोजगारांत धरीत नाहीत. सबब एका शब्दाने तीनशे बारा बेरोजगार नाहीसे झाले.

बाईंनी ते वाचिले. त्या शब्दाशी पेन थबकले. मात्रा बरोबर, जोडाक्षर बरोबर. बाईंनी सही केली आणि पान सोडिले.

आठवे दिवशी दुपारी बाईंची धाकटी नणंद कचेरीत आली. ती त्या तीनशे बारांपैकी, अकरा वर्षे बिस्किटांचे पुडे बांधीत आलेली. तिचे हाती ते कात्रण होते. कामगार कचेरीचे कारकुनाने बायकांचा अर्ज परत केला होता आणि सांगितले होते की, तुम्ही खुशीने गेलात ऐसे पेपरात छापून आले आहे, तेव्हा सुनावणी कसली?

नणंद बसली नाही. म्हणाली, “वहिनी, हे छापायच्या आधी तुम्ही वाचलं होतं ना?”

“वाचलं होतं.”

“मग?”

बाई म्हणाल्या, “शुद्ध होतं गं.”

नणंदेने कात्रणाची घडी घातली, पिशवीत ठेविली आणि म्हणाली, “शुद्धच आहे. एकही चूक नाही. म्हणून तर कारकुनाला पटलं.” आणि निघोन गेली. त्या दिवसापासून तिने भावाचे घरी पाऊल टाकणे सोडिले. बाईंस जेवण जाईना. सव्वीस वर्षांत हजारो चुका मारिल्या, परंतु जी मारावयाची ती हातून सुटली, हे शल्य उरी बसले.

मग बाईंनी मोहीम मांडिली. पहिली चाल संपादकसाहेबांवर केली आणि लेखी मागणी केली की, चूकदुरुस्ती छापावी. संपादकसाहेब मूळचे भले गृहस्थ. तरुणपणी मोर्च्यांत पुढे असत आणि त्याची तसबीर अद्याप त्यांचे कपाटात होती, कपाटास कुलूप होते. त्यांनी हुकूम दिला की, चूकदुरुस्तीने दैनिकाची इभ्रत जाते, सबब अर्ज दफ्तरी दाखल करावा. पहिली चाल मोडली.

दुसरी चाल बातमीदारावर केली. त्याची मूळ प्रत मिळाली तर पुरावा हाती येईल ऐसा मनसुबा. बातमीदार बाईंस कडेस नेऊन म्हणाला, “बाई, प्रत देतो, पण माझं नाव घेऊ नका. घराचे हप्ते चालू आहेत.” बाईंनी वचन दिले आणि पाळिले, म्हणोन या बखरीतही त्याचे नाव नाही. प्रत हाती आली खरी, परंतु ती पाहूनही संपादकसाहेबांनी केवळ चष्मा पुसिला. दुसरी चाल अर्धी फळली, अर्धी मोडली.

मग तिसरे दिवशी मंत्र्यांची दुसरी जाहिरात आली, पूर्ण पानाची: ‘प्रत्येक हाताला काम’. सायंकाळी पाच वाजता पान सुटले पाहिजे ऐशी सख्त ताकीद. चार वाजता पान बाईंचे मेजावर आले. बाईंनी ते डोळ्यांत तेल घालून वाचिले, लाल पेनाचे टोपण लाविले आणि हात मांडीवर ठेवून बसल्या.

सवाचारास जाहिरातप्रमुख आले. पुसिले, “झालं का?”

“वाचून झालं.”

“मग सही?”

“सही नाही.”

वेढा पडला तो ऐसा. जाहिरातप्रमुखांनी प्रथम गोडी लाविली, मग डोळे वटारिले, मग वरल्या मजल्यावर धाव घेतली. तेथोन हुकूम आला की, क्रीडाप्रतिनिधीने सही करावी. क्रीडाप्रतिनिधी शूर खरा, परंतु जाहिरातीत ‘मंत्रिमंडळ’ ऱ्हस्व की दीर्घ याचा निर्णय होईना, आणि मानवीय प्रकरण आठवले. त्याने पोटदुखीचे निमित्त केले आणि रणांगण सोडिले.

पावणेपाचास संपादकसाहेब जातीने जिना उतरोन आले. सव्वीस वर्षांत प्रथमच ते जिन्याखाली वाकोन उभे राहिले. म्हणाले, “बाई, नोकरी जाईल तुमची.”

बाई म्हणाल्या, “जाऊ द्या. पण छापताना स्वेच्छेने गेली असं छापू नका.”

संपादकसाहेब खुर्ची ओढोन बसले आणि तहाचे बोलणे सुरू जाहले. त्यांनी कलम घातले की, चूकदुरुस्तीत ‘नजरचुकीने’ हा शब्द असावा. बाईंनी नाकारिले, म्हणाल्या, नजर चुकली नव्हती, मीच वाचले होते. बाईंनी ‘ते खोटे होते’ ऐसे लिहिले. साहेबांनी खोडून ‘ते खरे नव्हते’ केले. बाईंनी मान्य केले. साहेबांनी पान सातवे दिले, हरवलेल्या कागदपत्रांचे नोटिशींचे खाली. अक्षर सर्वांत बारीक. तेही मान्य केले. परंतु ‘कारखान्याने त्यांना काढून टाकले’ यातील क्रियापदावर साहेबांनी ‘कमी केले’ सुचविले, तेव्हां बाईंनी पेन मेजाचे खणात ठेविले. पाचास चार मिनिटे होती. साहेबांनी सुस्कारा टाकिला आणि ‘काढून टाकले’ आपले हस्ताक्षरात लिहिले.

मग बाईंनी दोन्ही पानांवर सही केली.

दुसरे दिवशी धाकटे मालकांची मर्जी खप्पा झाली आणि बाईंची बदली श्रद्धांजलीच्या जाहिरातींवर केली. बाई मुकाट्याने रुजू झाल्या. म्हणाल्या, इथे निदान जो गेला तो गेला असंच छापतात.

सातवे पान घेवोन नणंद कामगार कचेरीत गेली. कारकुनाने चार ओळी दोनदा वाचिल्या, पान उलटून पाहिले, मग कात्रण टाचणीने अर्जास जोडिले आणि सुनावणीची तारीख लिहोन दिली. सायंकाळी नणंद भावाचे घरी आली, पायताण काढिले आणि स्वयंपाकघरात जाऊन म्हणाली, “वहिनी, तारीख मिळाली. सुनावणीत काय बोलायचं ते लिहून द्याल?” बाई म्हणाल्या, “तू बोल. मी लिहून घेते.” आणि दोघी मेजाशी बसल्या.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. हाती आलेला मुलूख: ओळी चार, रुंदी एक स्तंभ. कारखान्याचे दार अद्याप बंद आहे आणि मंत्री दुसरे नगरात भरभराट सांगत आहेत. परंतु राज्याचे दफ्तरी जे तीनशे बारा नाहीसे झाले होते ते परत मोजावे लागले, आणि त्या सालचे बेरोजगारांचे गणतीत तेवढा आकडा वाढला. हा विजय दाखल केला असे.