वहिनीची दोनशे त्रेचाळीस

“ससे मारायचेत का, वहिनी?” टेबलावरची व्हर्नाची काडतुसं बघून हार्लन म्हणाला. “दोनशे त्रेचाळीस कॅलिबर! एवढ्याशा गोळीनं हरणाला गुदगुल्या होतील फक्त.”

व्हर्ना कालथा घेऊन अंडी तळत होती. विस्कॉन्सिनच्या जंगलातल्या या शिकारीच्या खोपटात तिचा नवरा एमेट दर नोव्हेंबरात यायचा. तो वारल्यावर टेकडीवरच्या त्याच्या मचाणावर आपण बसायचं, एवढंच तिच्या मनात होतं. पण दिरानं, हार्लननं, ते आपल्या जावयाला, वेंडेलला, देऊन टाकलं आणि वहिनीला पाहुणी ठरवून चुलीशी उभं केलं.

“गोळी कुठं लागते ते महत्त्वाचं,” ती म्हणाली.

“लागल्यावर काय करते ते महत्त्वाचं. माझी नवी तीनशे मॅग्नम बंदूक बघ. आडवी फांदी आली तर फांदीसकट हरिण पाडेल. तुझ्या खेळण्याला टेकडी मिळणार नाही.”

दुपारी हार्लन खडीच्या खाणीत मॅग्नमचा नेम बसवायला गेला. पहिल्याच बाराला बंदुकीनं असा धक्का दिला की तिच्यावरची दुर्बीण भुवईवर आदळली. परतला तो कपाळाला पट्टी लावूनच. त्यानंतर चापावर बोट ठेवलं की त्याचे डोळे आपोआप मिटायला लागले. हे अर्थातच त्यानं कुणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी शिकारीचा हंगाम उघडला. वेंडेल मचाणापाशी पोचला तर वर व्हर्ना.

“काकू, ही माझी जागा आहे.”

“असेल. मी उतरत नाही. चुलीवर कॉफी आहे, जा.”

वेंडेल कॉफी प्यायला गेला. तासाभरात टेकडीखालून मॅग्नम कडाडली, पाठोपाठ वरून व्हर्नाची बंदूक वाजली. दोन्ही गोळ्यांमधून एकच शिंगाळा नर सहीसलामत निसटला आणि दोघं हात हलवत परतली.

“छोटी गोळी, दुसरं काय,” हार्लन म्हणाला.

“चुकलेली गोळी लहान काय नि मोठी काय, हरणाला सारखीच.”

नेम चुकला की शर्टाचा मागचा घोळ कापून भिंतीवर ठोकायचा, हा खोपटाचा रिवाज. एकट्या एमेटचेच तिथं चार होते. वेंडेलनं सासऱ्याचा शर्ट कापला आणि कात्री खाली ठेवली.

“माझा राहिला,” व्हर्ना पाठ वळवून म्हणाली.

“पाहुण्यांचा कापत नाहीत, वहिनी,” हार्लन आदबीनं म्हणाला.

त्या आदबीनं तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं कात्री उचलली, मागं हात घालून शर्टाचा चांगला वीतभर तुकडा कापला आणि एमेटच्या चिंध्यांशेजारी दोन खिळ्यांनी ठोकला.

बऱ्याच वेळानं हार्लन तिच्याजवळ येऊन हळूच म्हणाला, “वहिनी, तुझी ती बंदूक... फारसा धक्का देत नाही म्हणतात. उद्या जरा देशील?”

“आणि मी टेकडीवर काय घेऊन जाऊ?” व्हर्ना म्हणाली. “तू कालथा घे.”