कलम नऊ : चारा-पाणी

आमचे शेजारी भाईदास नाना वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी घोडा झाले. थट्टा नाही. रोज सकाळी साडेआठला ते ओट्यावर बसतात, चष्मा कपाळावर ढकलतात, मोबाईल नाकाशी धरतात आणि एका बोटाने टाइप करतात, "तुफान नाल्याच्या उत्तर काठावर हजर. गवत मध्यम. वारा पश्चिमेचा. मिरच्यांमुळे शिंका." यातल्या मिरच्या खऱ्या. हंगामात नंदुरबारबाहेर मोकळ्या मैदानांवर लाल मिरच्या वाळत पडतात आणि वारा फिरला की आमची अख्खी कॉलनी शिंकते. बाकी नाला, गवत आणि तुफान हे सगळं इंटरनेटवर.

घोडा होण्याआधी नाना सरकारी मोजणीदार होते. तळोदा, धडगाव करत साखळी घेऊन उभी नोकरी शेतांच्या बांधावर काढली. दोन सख्खे भाऊ कुऱ्हाडी घेऊन उभे असले तरी नाना मधोमध जाऊन शांतपणे हद्दीचा दगड शोधायचे. "आधी हद्द दखाड, मंग बोल," हे त्यांचं एकच वाक्य होतं आणि ते सगळ्यांना लागू होतं. भाजीवालीने दारात टोपली टेकवली तरी लागू होतं.

निवृत्त झाल्यावर मोजायला काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी आमची मधली भिंत मोजली. कोणी सांगितलं नव्हतं. निघालं असं की त्यांचीच भिंत चार बोटं आमच्या जागेत आहे. मी म्हटलं, नाना, राहू द्या, चार बोटांत मी काय ऊस लावणार आहे? त्यांनी ऐकलं नाही. स्वतःच्याच नावाने नोटीस काढली, प्रत माहितीस्तव मला दिली. पंधरा दिवसांची मुदत दिली. गुडघा दुखतो म्हणून मुदतवाढीचा अर्ज स्वतःच केला आणि सबळ कारण नाही म्हणून स्वतःच फेटाळला. भिंत पाडली, चार बोटं मागे घेऊन नवी बांधली. तेव्हापासून माणूस आमच्या अंगणात पाऊल टाकत नाही. काम असलं की त्यांच्या बाजूने हाक मारतात, आणि चहाचा कप भिंतीवरून जातो नि भिंतीवरून परत येतो.

नानांच्या पत्नी मंजुळाकाकू होत्या तोवर त्या भिंतीवरून आवाजही यायचा. सकाळ-संध्याकाळ, घड्याळ लावून घ्यावं असा. "जेवनात का? पानी पिधं का?" नाना वैतागायचे. "मी काय कोंडवाडामाधलं ढोर शे का, दोन टाइम इचारी ऱ्हायनी?" तीन वर्षांपूर्वी काकू गेल्या आणि भिंतीपलीकडचा तो आवाज बंद झाला. मुलगा नाशिकला. तो दर रविवारी फोन करतो, माणूस चांगला आहे, पण फोनवर त्याला तब्येतीपेक्षा गॅसबुकिंगची काळजी जास्त.

घोडा होण्याचं निमित्त नात. रेवा आठवीच्या सुट्टीत आली होती आणि ओट्यावर बसून मोबाईलवर कोणाशी तरी कडाकडा भांडत होती. "नदी आमची आहे!" नदी म्हटल्यावर नानांचे कान टवकारले. चौकशी करता समजलं की हा एक खेळ आहे. गावोगावच्या शाळकरी मुली इंटरनेटवर जमतात, प्रत्येकीने एकेक घोडा व्हायचं आणि घोडा काय करतो ते लिहायचं. दोन कळप, उत्तर आणि दक्षिण. एकीने लिहायचं की माझी आयाळ चांदण्यात भिजली, दुसरीने लिहायचं की मी तुला पकडलं. पहिली म्हणणार, नाही पकडलं, मी उडाले. आणि मग चार दिवस भांडण. रेवा दक्षिण कळपाची राणी होती, नाव मिडनाइट.

नानांनी शांतपणे विचारलं, "नकाशा कोठे शे?"

नकाशा नव्हता. नाना खरोखर हादरले. "बिगर नकाशानं राज्य करी ऱ्हायनात का तुम्ही?" त्या रात्री त्यांचा डोळा लागला नसावा, कारण सकाळी त्यांच्याकडे नकाशा तयार होता. प्रमाण, उत्तर दिशेचा बाण, नदी, नाला, पडीक, कुरण, दोन्ही कळपांच्या चतुःसीमा, आणि कोपऱ्यात सही. रेवाने फोटो काढून टाकला. कोल्हापूरची एक मुलगी, उत्तर कळपाची राणी रक्तचंद्रा, तिने विचारलं की हे काका कोण? पंधरा दिवसांत ते काका खेळाचे नियमपाल झाले होते.

नियम त्यांनी बारा केले, आणि ते मी वाचलेत. घोड्याचं तोंड पलीकडे आणि पाय अलीकडे असतील तर ती चराई, घुसखोरी नव्हे. पुढचे दोन्ही पाय हद्दीत आले तरच पकडता येईल. पकडताना दोन पंच हवेत आणि पंच पकडणाऱ्याचे नातेवाईक नसावेत. पकडलेल्या जनावराचा पंचनामा करावा, त्यात रंग, अंगावरचे केसांचे भोवरे, पांढरे पाय लिहावेत. दर वर्षी सारंगखेड्याच्या घोडेबाजारात हिंडत आल्यामुळे भोवऱ्यांबद्दल ते फार काटेकोर होते आणि मुली बिचाऱ्या गुगलवर भोवरे शोधत बसल्या. उडता येणार नाही. घटक चाचणी असेल तर कोणालाही पकडता येणार नाही. सात दिवसांनी सोडावंच लागेल.

आणि कलम नऊ. पकडणाऱ्याने पकडलेल्या जनावराला दिवसातून दोन वेळा चारा-पाण्याबाबत विचारणा करावी. विचारणा चुकल्यास जनावर मुक्त.

रेवाने आग्रह केला म्हणून नाना स्वतःही घोडा झाले. तुफान हे नाव तिनेच दिलं. नानांनी नाव स्वीकारलं पण पुढे कंसात 'वय झालेला' असं लिहिलं. बाकीचे घोडे दऱ्या ओलांडतात, विजेशी शर्यत लावतात. तुफान उत्तर कळपातला एक साधा घोडा. तो हळू चालतो, झाडाखाली थांबतो, नोंद करतो. मुलींना तो भयंकर आवडला.

असं वर्षभर छान चाललं. मग एका मंगळवारी मी अंगणात कपडे वाळत घालत होते, तर भिंतीपलीकडून हाक आली.

"ताई, तू घोडी व्हशी का?"

बावीस वर्षं मी धानोऱ्याच्या शाळेत शिकवते आहे. मुलांनी पाठीमागे मला बरंच काही म्हटलं असेल, पण तोंडावर असं कोणी विचारलं नव्हतं. मी चिमटा हातात धरून म्हटलं, नाना, काय झालं?

झालं असं की रक्तचंद्राने कलम नऊ काढून टाकायची मागणी केली होती. रोज दोनदा तेच विचारायचं, बोअर होतं, म्हणाली. रविवारी मतदान. नानांनी रीतसर नोटीस काढली होती आणि बोटांवर हिशेब केला होता. "एक मत कमी पडी ऱ्हायनं," ते म्हणाले. आवाज खाली गेला होता. भिंत पाडतानाही मी त्यांना असं पाहिलं नव्हतं.

एवढं काय त्या कलमात, मला कळेना. पण शेजारधर्म असतो. मी घोडी झाले. नाव विचारलं तेव्हा काही सुचेना, समोर मसाल्याचा डबा होता, म्हणून जिरी. नाना म्हणाले, रंगाशी जुळतं, चालेल.

घोडी झाल्यावर मला खेळातलं जुनं सगळं लिखाण दिसायला लागलं. एवीतेवी पेपर तपासायचा कंटाळा आला होता, म्हणून वाचत बसले. आणि वाचता वाचता माझ्या लक्षात आलं की तुफान वर्षभरात चौदा वेळा पकडला गेलाय. चौदा वेळा! ज्या माणसाने स्वतःची भिंत चार बोटांसाठी पाडली, त्याचा घोडा दर वेळी चुकून नाला ओलांडतो, दर वेळी दक्षिणेच्याच हद्दीत जातो, आणि सुटका झाली की थोड्या दिवसांनी पुन्हा जातो. लबाड म्हातारा, मी मनात म्हटलं.

मग मी ती विचारणा वाचली. सकाळी साडेआठला आणि संध्याकाळी सातला, शाळेच्या आधी आणि क्लासच्या नंतर, मिडनाइट विचारायची, "चारा खाल्ला का? पाणी प्यालं का?" आणि तुफान उत्तर द्यायचा. पहिल्या वेळी लिहिलं होतं, "गवत खाल्ले. पाणी प्यायले." तिसऱ्या-चौथ्या वेळेपासून गवत गेलं. "दोन भाकरी, वांग्याचं भरीत. पाणी पिधं." "आज भूक नव्हती. दूध घेतलं." "खिचडी. जरा खाली लागली." "गुडघा दुखतो, तुफान आडवा पडून आहे." प्रत्येक उत्तराखाली रेवाचा एक अंगठा. ती पोरगी नियम पाळत होती, बस. घोड्याला खिचडी कशी, हे तिने एकदाही विचारलं नाही.

मी मोबाईल पालथा ठेवला आणि पेपर तपासायला घेतले. एकही धड तपासला गेला नाही. मला स्वतःची लाज वाटत होती. तीन वर्षं मी भिंतीवरून चहा दिला, आणि जेवलात का, हे मला एकदाही सुचलं नव्हतं.

रविवारी मतदान झालं. मी अकरा वाजता जिरीचं मत टाकलं, 'राहू द्या'. दुपारी चारला रेवाचं मत आलं. "काढा. सॉरी नाना, पण क्लास असतो, रोज लक्षात ठेवावं लागतं." नानांनी खाली लिहिलं, "मत नोंदविले."

पाच वाजता मोजणी. काढा नऊ, राहू द्या नऊ. समसमान झालं तर आहे तो नियम कायम राहतो, हे कलम बारामध्ये नानांनीच लिहून ठेवलं होतं. मी स्वयंपाकघरात एकटीच हसले आणि भिंतीवरून देण्यासाठी चहा टाकला.

चहा उकळायच्या आत निकाल आला. "जिरी या घोडीची नोंद मतदानाची नोटीस निघाल्यानंतर झालेली असल्याने तिचे मत बाद धरण्यात येत आहे. कलम नऊ रद्द." खाली सही, नियमपाल.

मी तणतणत भिंतीशी गेले. "नाना, कोणाच्या लक्षातसुद्धा आलं नसतं!"

"मन्हा ध्यानमा उनं ना," नाना म्हणाले.

"मग मला घोडी कशाला केलंत?"

"तवय ध्यानमा नव्हतं."

मी म्हटलं, मी आत्ता रेवाला फोन करते, तिला सांगते. नानांनी हात वर केला. "पोरले अभ्यास शे. बरोबर शे तिन्हं." मग म्हणाले, "आते सांगीसन इचारनं लावनं, ते काय कामनं?" मला म्हणावंसं वाटलं की वर्षभर तुम्ही कलम लावून तेच तर केलंत. म्हटलं नाही. चहा त्यांनी घेतला, कप भिंतीवर ठेवला, आणि आत गेले.

सोमवारी साडेआठला नाना ओट्यावर होते. मोबाईल हातात, पण बोट चालत नव्हतं. मंगळवारीही तसंच. तुफान आपल्या हद्दीत, नाल्याच्या उत्तरेला. पलीकडे जायला त्याला आता काही कारणच नव्हतं. मी दोनदा भिंतीपर्यंत गेले आणि दोनदा परत आले. इतकी वर्षं विचारलं नाही, तर एकदम आज कसं विचारायचं, असा माझा मूर्ख संकोच.

बुधवारी धानोऱ्याहून बस उशिरा आली. मी पर्स ओट्यावर टाकून वाळलेले कपडे काढत होते, तर फाटकाची कडी वाजली. वळून पाहिलं तर नाना. हाक नाही, भिंत नाही, सरळ फाटकातून. दोन पावलं आत आले आणि थांबले. सदऱ्याला इस्त्री होती. मान खाली घालून ते स्वतःच्या चपलांकडे बघत राहिले.

"ताई," ते म्हणाले, "मन्हा दोन्ही पाय तुन्ही हद्दमा शेतस."

माझ्या हातात उशीचे अभ्रे होते. काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "दोन पंच लागतात ना, नाना?"

"कलम तीन लागस," ते म्हणाले. "पन जनावर आपला पायवरी उनं व्हई, तर पंच नही लागतस."

असं कलम तीनमध्ये कुठेही नाही. मी वाचलंय. बारा कलमं करणारा माणूस माझ्या अंगणात उभा राहून खोटं बोलत होता, कान लाल झाले होते, आणि वर बघत नव्हता.

मी अभ्रे दोरीवर परत टाकले. त्यांच्याच बोलीत विचारलं, मला जमलं तसं. "नाना, जेवनात का? पानी पिधं का?"

नानांनी जरा विचार केला. त्यांना चुकीची नोंद चालत नाही.

"सकायले भाकर खादी," ते म्हणाले. "पानी तेवढं ऱ्हाई गयं."

मी तांब्या-भांडं आणायला आत गेले. बाहेर आले तेव्हा ते तिथेच उभे होते, दोन्ही पाय आत.