अल्प खर्चातील वाळवंट-स्वारीची हकीकत

वाळूस नमस्कार, वाऱ्यास नमस्कार, तंबूच्या बारा खुंट्यांस नमस्कार, आणि जे एकही खुंटी न ठोकता ठोकणाऱ्यास दिशा दाखवितात त्यांच्या तर्जनीस दोन वेळा नमस्कार. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, कार्तिक वद्य पक्षापासून एका राज्यात जे वर्तमान घडले ते लिहितो. राज्याचे नाव लिहू नये ऐसी आज्ञा आहे. राज्य म्हणजे तिसऱ्या मजल्यावरील अडीच खोल्या, पूर्वेस जिना, पश्चिमेस कपडे वाळत घालण्याची तार. गादीवर श्रीमंत हेरंबराव महाराज विराजमान, मागे लोड, पुढे चहा. राणीसाहेब मृणालिनीबाई गादी सोडून बाकी सर्व राज्य चालवीत. आणि राणीसाहेबांचे तीर्थरूप भार्गवतात्या, वय एकोणऐंशी, शाळेत चाळीस वर्षे चित्रकला शिकवून निवृत्त जाहलेले, राज्याच्या अर्ध्या खोलीत राहत.

तात्यांचे डोळे चालले होते. कडेचे दिसे आणि मधले पुसून जाई, समोरच्या माणसाचे कान दिसत आणि तोंड दिसत नसे. महाराजांशी बोलताना यात मोठे नुकसान नव्हते, परंतु इतर वेळी होते. डॉक्टरांनी सांगितले की या हिवाळ्यात काय पाहायचे ते पाहून घ्या, पुढचे सांगवत नाही. मग तात्यांनी या राज्यात राहावयास आल्यापासून सहा वर्षांत प्रथमच काही मागितले. लहानपणी त्यांच्या गावच्या माळावर माळढोक पक्षी चरावयास येत, शेळीएवढे उंच, मान ताठ. आता त्या माळावर एकही नाही, आणि पश्चिमेकडील वाळवंटात जे राष्ट्रीय उद्यान आहे तेथे थोडके उरले आहेत ऐसे त्यांनी ऐकले होते. "एकदा बघीन म्हणतो," इतकेच ते बोलले, आणि बोलून झाल्यावर पाण्याचा पेला विसळून पालथा घालून आत गेले. राणीसाहेबांनी त्याच दिवशी उद्यानाचा परवाना काढिला, पौष शुद्ध नवमीचा, एका दिवसाचा, तीन नावांचा. आगगाडीची तीन आसने षष्ठीच्या सायंकाळची पक्की केली. आणि काम येथेच संपले होते. परंतु राज्यात महाराज होते.

महाराजांस वर्तमान कळताच त्यांनी लोड बदलला आणि आज्ञा केली की हॉटेलात उतरणे हे दुबळ्यांचे लक्षण, आपण तंबूत राहावे, चूल आपली, भाकरी आपली, वाळू सरकारची, आणि ही स्वारी इतक्या अल्प खर्चात करावी की पुढील पिढ्यांनी तोंडात बोटे घालावी. तंबू विकत घेणे हा तर मूर्खपणा, ऐसे म्हणून त्यांनी भगिनीचे यजमान चंद्रहासराव यांजकडे फोन लाविला, कारण चंद्रहासरावांच्या माळ्यावर चार माणसांचा एक तंबू नऊ वर्षे पडून होता. चंद्रहासराव म्हणाले, "न्या की, त्यात काय विचारायचं." आता या मुलखाची रीत ऐसी आहे की वस्तू मागून आणावी तर देणाऱ्यास "तुम्हीही चला की" म्हणावे, आणि देणाऱ्याने "छे हो, आमचं कुठे जमतंय" म्हणावे, आणि दोघांनी समाधानाने फोन ठेवावा. महाराजांनी आपला अर्धा भाग बरोबर पार पाडिला. चंद्रहासराव म्हणाले, "चला म्हणता? बघतो." आणि दुसरे दिवशी ते सहकुटुंब चौघे येण्याचे ठरले. मग समोरच्या दाराचे निमकर यांजकडून लहान शेगडी आणि पांघरुणे मागविली, आणि महाराज पुन्हा म्हणाले की तुम्हीही चला की, आणि निमकरांनीही रीत मोडली, आणि तेही सहकुटुंब चौघे. येणेप्रमाणे तिघांच्या स्वारीस अकरा असामी जाहल्या, तंबू चौघांचाच राहिला, आणि विकत काहीच घेतले नाही म्हणून महाराज आनंदात होते.

मग मसलती सुरू जाहल्या. मार्गशीर्षाचे तीस दिवस दरबार भरला आणि प्रत्येक दिवशी यादी जाहली, आणि दुसरे दिवशी त्या यादीत काय राहिले याची यादी जाहली. चंद्रहासराव वाळवंटात विंचू असतात यावर बोलले, निमकर वाळवंटात पाणी नसते यावर बोलले, आणि दोघांपैकी कोणी वाळवंट पाहिले नव्हते, सबब दोघांचाही आवाज मोठा होता. राणीसाहेबांनी इतक्यात उद्यानाच्या वनरक्षकास फोन करून विचारिले, तर तो म्हणाला की बाई, आत तंबू लावता येत नाही, बाहेर वस्तीवर खाट आणि जेवण मिळेल, कशाला ओझं आणता. हे राणीसाहेबांनी दरबारात सांगितले. महाराज म्हणाले, "त्यांना काय कळतंय," आणि यादी पुढे चालली. त्या काळात महाराजांनी स्वारीच्या तयारीत जातीने जे कष्ट घेतले ते येणेप्रमाणे :

. . . . . . . . . . . .

. . . . . . . . . . . .

(येथे दोन ओळी कोऱ्या आहेत. शाई संपली नव्हती.)

मग आसनांचा प्रश्न निघाला, कारण पक्की आसने तीन आणि बाकी आठ असामी प्रतीक्षा यादीत. चंद्रहासराव खाकरून म्हणाले, "हेरंबराव, तंबू माझा. तो कसा उभा करायचा हे मलाच माहीत. मी मागून आलो तर तुम्ही काय वाळूत बसणार?" यावर महाराजांनी डोळे मिटून विचार केला, म्हणजे डोळे मिटले, आणि म्हणाले की मग तात्यांच्या नावाच्या जागी चंद्रहासरावांचे नाव घालावे, परवान्यावर आणि तिकिटावर दोन्हीकडे, तसा अर्ज करावा. "तात्यांना तिकडची थंडी झेपायची नाही. मी त्यांच्याच भल्यासाठी म्हणतोय." तात्या दारात उभे होते. ते म्हणाले, "बरोबर आहे. पक्षी काय, चित्रातही असतो." आणि आत गेले, आणि त्या दिवशी पेला विसळावयाचे विसरले. राणीसाहेबांनी तो विसळिला आणि महाराजांकडे एकवार पाहिले. मग मेथीचे लाडू वळावयास घेतले.

पौष शुद्ध षष्ठी उजाडली. गाडी सायंकाळी पाचास. महाराजांची आज्ञा ऐसी की निघण्यापूर्वी त्याच सकाळी गच्चीवर तंबूची रंगीत तालीम घ्यावी, म्हणजे सामान दोनदा बांधणे नको आणि श्रमांचीही काटकसर. मग अकरांपैकी दहा असामी गच्चीवर चढल्या, आणि शेगडी चढली, आणि पांघरुणे चढली, आणि चार दिवसांच्या दशम्या, तिखटामिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि लाडवांचे दोन डबे चढले, कारण महाराज म्हणाले की तालीम म्हणजे सर्व सामानानिशी. सामान वर नेण्याचे काम राणीसाहेबांनी सहा खेपांत केले. चंद्रहासरावांनी तंबू उलगडला, तर आतून नऊ वर्षांपूर्वीचा एक मोजा आणि वाळलेली पाल निघाली, आणि दांडी एक कमी निघाली. खुंट्या सिमेंटात जाईनात. चंद्रहासराव म्हणाले, "वाळूत गेल्या असत्या." निमकर म्हणाले, "वाळूत राहिल्या नसत्या." मग एक दोरी पाण्याच्या टाकीच्या नळास, एक टीव्हीच्या तबकडीस आणि एक निमकरांच्या मातोश्रींच्या खुर्चीस बांधून तंबू उभा केला, आणि मातोश्रींस हलू नये ऐसी विनंती केली, आणि महाराजांनी लांबून पाहून सांगितले की डावीकडे जरा झुकलाय.

गलबला ऐकून इमारतीतील रयत वर आली. पहिल्या मजल्याचे, चौथ्या मजल्याचे, टपाल देण्यास आलेले एक गृहस्थ. आणि महाराज हे मोठ्या मनाचे, ते म्हणाले, "या, या. घ्या की." रीत ऐसी की "नको, आत्ताच झालं" म्हणावे. कोणी म्हणाले नाही. मग दशम्या गेल्या, मग पुऱ्या गेल्या, आणि चौथ्या मजल्याच्या बाई म्हणाल्या की लाडवात डिंक थोडा जास्त चालला असता, आणि तिसरा घेतला. दोन वाजेतो चार दिवसांची रसद संपली. मग महाराजांनी ढेकर दिली, सभोवार पाहिले, टाकीपासून कठड्यापर्यंत, आणि बोलिले, "वाळवंट म्हणजे तरी काय हो? मोकळी जागा आणि वारा. तो इथेही आहे." चंद्रहासराव म्हणाले, "आणि विंचू नाही." निमकर म्हणाले, "आणि पाणी आहे." तेव्हा ठरले की आता इतक्या खाण्यावर प्रवास सोसवणार नाही, गाडी काय रोज असते, पुढे उन्हाळा सरल्यावर बघू. आणि महाराज, चंद्रहासराव आणि निमकर त्या तंबूत शिरून निजले, तिघांची डोकी आत आणि सहा पाय बाहेर.

राणीसाहेबांनी रिकामे डबे खाली आणिले, घासले, पालथे घातले, आणि अर्ध्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या.

"तात्या, चप्पल घाला."

"कुठे?"

"गाडी पाचाची आहे."

"अगं, माझं नाव काढलं ना त्यातून?"

"काढायला अर्ज करायचा होता. केला कोणी?"

तात्यांनी थोडा विचार केला. "या घरात? कोणी नाही." आणि महिनाभरात प्रथमच हसले. "जावईबापूंना निदान सांगून तरी ये."

मग राणीसाहेब गच्चीवर गेल्या, सहा पायांतून पतीचे दोन ओळखले, आणि हलवून म्हणाल्या, "अहो, मी आणि तात्या निघतोय." आतून महाराज निद्रेत बोलिले, "हां हां, या. येताना दही आणा."

इकडील सामानात एक पिशवी, दोन शाली, तात्यांची चित्रवही. तंबू नाही, शेगडी नाही, यादी नाही, मसलतगार नाही, सबब प्रवास सुखाचा जाहला. वस्तीवर एका घरी खाट मिळाली, बाजरीची भाकरी आणि कढी मिळाली, थंडी पडली आणि तात्यांस ती झेपली. नवमीस वनरक्षक कानाराम याने जीपमधून सकाळी तीन कोस फिरविले, हरणे दिसली, गिधाडे दिसली, माळढोक नाही. दुपार गेली. राणीसाहेबांनी सावलीकडे पाहिले, कारण परवाना त्या एका दिवसाचाच होता. उन्हे कलल्यावर कानारामाने जीप थांबविली आणि हळूच म्हणाला, "समोर बघा बाबा. झाडाच्या डावीकडे." तात्यांनी समोर पाहिले. समोर काही नव्हते, तेथेच डोळ्यातले भोक होते. राणीसाहेबांस पक्षी दिसत होता, स्पष्ट, आणि बापास दाखविता येत नव्हता. त्यांनी तात्यांचा हात धरिला आणि सोडिला. मग तात्यांनी मान फिरविली आणि मुद्दाम जीपच्या दाराच्या कडीकडे पाहू लागले.

"तात्या, तिकडे नाही, इकडे."

"थांब. असंच दिसतं मला." कडीवरून नजर न हलविता ते बोलू लागले, "आहे. मान आहे. पाऊल कसं टाकतोय बघ, शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखं. तेव्हाही असाच चालायचा. अजून घाई नाही त्याला." पक्षी जितका वेळ चालला तितका वेळ ते कडीकडे पाहत राहिले, आणि कानारामाने जीप चालू केली नाही.

स्वारी आठवे दिवशी परत आली. राज्यात तोवर ऐसे जाहीर जाहले होते की मोहीम गच्चीवरच फत्ते जाहली, खर्च शून्य, आणि महाराजांस फोनवर अभिनंदने येत होती. तंबू चंद्रहासरावांच्या माळ्यावर परत गेला होता, मोज्यासह. महाराज लोडास टेकून होते. त्यांनी राणीसाहेबांस विचारिले, "एवढा वेळ?" राणीसाहेबांनी पिशवीतून डबा काढून पुढे ठेविला. "दही."

नंतर चार दिवस तात्या खिडकीशी बसून चित्र काढीत होते, कागदाकडे तिरके पाहून, आणि पाचवे दिवशी ते भिंतीवर लागले. मोठा कागद. अगदी डाव्या कडेस माळढोक, पीस न् पीस, पाऊल उचललेले. भोवती कडेकडेने थोडी वाळू, उजव्या कोपऱ्यात जीपची कडी. आणि मधली सर्व जागा पांढरी. महाराज चहा घेऊन समोर उभे राहिले आणि बहुत काळ पाहून म्हणाले, "तात्या, कागद एवढा थोरला घेतलात आणि मधली जागा फुकट घालवलीत."

तात्या म्हणाले, "फुकट नाही, जावईबापू. मध्ये तुमची मोहीम आहे."

महाराजांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिले.

तात्पर्य : अकरा असामी, तीस दिवस मसलत, एक तंबू, आणि वाळवंट पाहिले दोघांनी. महाराजांच्या आज्ञेने लिहिलेली ही हकीकत त्यांस वाचून दाखविली; ते म्हणाले की उत्तम आहे, फक्त आपण केलेल्या कष्टांच्या त्या दोन ओळी भराव्या. भरावयास काही मिळाले नाही. तशाच ठेविल्या आहेत.