‘आओरिता’ची कायदेशीर व्याप्ती

माणुसकी ही राष्ट्राची खरी ओळख असते, आणि ती शेजाऱ्याच्या तुरुंगाबद्दल बोलताना विशेष उठून दिसते. पलीकडच्या प्रजासत्ताकात माणसांना चौकशीविना डांबतात हे कळताच आमच्या सरकारने निषेध केला, झेंडा अर्ध्यावर उतरवला आणि आपल्याकडे असं होऊ नये म्हणून कायदाच केला: पकडलेल्या प्रत्येकाला न्यायाधीशापुढे ‘आओरिता’ उभं करावं.

परदेशी शिष्टमंडळाने स्पॅनिश शब्दकोश उघडला. ‘आओरिता: आत्ताच्या आत्ता.’ मंडळींचे डोळे पाणावले. (शब्दकोश समुद्रापलीकडे छापलेला होता. आमच्याकडे नळवाला ‘आओरिता येतो’ म्हणाला की बायका शेजारणीकडे बादल्या मागायला जातात.)

कायद्याची अंमलबजावणी चोख आहे. मंत्रालयाच्या पाहणीनुसार एकाही कैद्याची तक्रार नाही. (तक्रार न्यायाधीशापुढेच करायची असते.)

आमच्या गावच्या बँडमधला फाउस्तिनो ट्रम्पेट वाजवायचा. ‘पितळी नळीचं हत्यार’ बाळगल्याबद्दल त्याला उचललं. त्याला दमा आहे. त्याची बायको क्लोतिल्दे रोज सकाळी सूपचं भांडं आणि दम्याचा पंप घेऊन तुरुंगाच्या फाटकाशी येते. मला तिच्या चिकाटीचं कौतुक वाटतं.

“उबाल्दो, तुझ्या लग्नात माझ्या नवऱ्याने फुकट वाजवलं होतं,” ती पहारेकऱ्याला म्हणाली. “पंप तरी आत दे.”

“देतो ना वहिनी. आओरिता.”

“काल पण हेच म्हणालास.”

“मग? कायदा काय रोज बदलतो?”

सूप मात्र तो लगेच ठेवून घेतो.

रविवारी शिष्टमंडळ सरकारला माणुसकीचं पदक द्यायला येणार होतं. क्लोतिल्देने घरोघरी दारं वाजवली. “नुसते फाटकाशी उभे राहा माझ्यासोबत. पाहुण्यांना दिसू दे, आत माणसं आहेत.” बेकरीवाला म्हणाला, “आओरिता, पाव भट्टीत आहेत.” पाद्रीबाबा म्हणाले, “आओरिता, तेवढी प्रार्थना उरकतो.” अख्खं गाव तिच्या बाजूने होतं. फक्त घरात होतं.

पाहुण्यांना एकटीच बाई दिसली. “ही कोण?” त्यांनी विचारलं.

“सूपवाली,” उबाल्दो म्हणाला.

पाहुण्यांनी वाटी वाटी सूप घेतलं, चवीची तारीफ केली आणि पदक देऊन गेले. पंप अजून तिच्याच हातात आहे. आतून फाउस्तिनोचा खोकला ऐकू येतो, म्हणजे एवढ्यात घाई करण्यासारखं काही नाही.

वाचकहो, तुमची गोष्ट वेगळी. तुमच्या भाषेत असला लबाड शब्दच नाही. उद्या तुमच्या गल्लीतून कुणाला उचललं आणि त्याच्या बायकोने तुमचं दार वाजवलं, तर तुम्ही चपला शोधता शोधता स्वच्छ मराठीत सांगाल, “तुम्ही व्हा पुढे, मी आलोच.”