कॉकची दांडी

छबुबाईच्या वर्षश्राद्धाला उमापूरहून तिच्या माहेरची माणसं निघाली होती, आणि घरच्या टाकीत पाणी नव्हतं. विहिरीवरची लाइट आता कधीही जाणार होती. त्याआधी टाकी भरली नाही, तर पुरण शिजणार नव्हतं.

विहिरीच्या पाइपाला एकच कॉक. एक फेरा दिला की पाणी टाकीत, पुन्हा दिला की गुरांच्या हौदात. छबुबाई कॉक फिरवून दांडी काढून घ्यायची. हवी त्यानं तिच्याकडून मागून न्यायची. देताना ती पाणी कुठं चाललंय ते सांगायची. ती गेल्यापासून दांडी सापडत नव्हती. जो तो आपल्या हत्यारानं कॉक फिरवी, आणि त्याच्या बोडक्या टोकावरून काहीच कळत नसे.

छबुबाईचा नवरा राधाकिशननं हौदातली धार बघितली आणि तो पक्कड आणायला गोठ्यात गेला. तेवढ्यात सून तेजश्रीनं सांडशीनं कॉक फिरवला. पाणी टाकीत पडू लागलं. राधाकिशन परत आला, न बघताच फेरा दिला. पाणी हौदात.

गच्चीवर टाकीजवळ बसलेला मुलगा आदिनाथ धार तुटलेली बघून खाली आला, पान्यानं कॉक फिरवून पुन्हा वर गेला. तो जिन्यात असतानाच, हौदातली धार बघून सांडशी आणायला गेलेली तेजश्री आली आणि तिनं आणखी एक फेरा दिला.

राधाकिशननं दोघांना समोर उभं केलं. "कॉकला कुनी हात लावला?"

"म्या टाकीत सोडलं," आदिनाथ म्हणाला.

"मीबी टाकीतच सोडलं, मामंजी."

"आन् मी काय नदीत सोडलं?"

खोटं कोणीच बोलत नव्हतं. हौद तेवढा उतू जात होता, आणि म्हैस चिखलात बसली होती.

पाहुणे फाट्यावर आल्याचा फोन आला. निदान हार तरी घालावा म्हणून राधाकिशननं छबुबाईचा फोटो भिंतीवरून उतरवला. मागं त्याच खिळ्याला दांडी लटकत होती. छबुबाईच्या दिवसांच्या गडबडीत कुणीतरी फोटो दांडीवरच टांगला होता. वर्षभर सगळे तिला हात जोडत होते.

दांडी काढून तो वळला. समोरच्या खिडकीतून हौदातली धार दिसत होती.

"हत्यारं खाली ठिवा," तो म्हणाला. विहिरीवर जाऊन एक फेरा दिला, दांडी काढून खिशात टाकली. लाइट गेली तेव्हा टाकीत पुरणापुरतं पाणी झालं होतं. पाहुण्यांनी पाय हौदावर धुतले.

संध्याकाळी त्यानं फोटो जागेवर लावला आणि दांडी त्याच खिळ्याला, पण पुढून अडकवली. "लागंल त्यानं हिला इचारून न्यायची."

"ती काय सांगनार हाय, आबा?" आदिनाथनं विचारलं.

"काई न्हाई. पर तिथं हुबं राहिलं की खिडकीतनं हौद दिसतो."